वाचकांचे प्रश्न : पाणी नेमकं कधी बिथरतं?

गेल्या अंकात पाइपमधल्या पाण्याबद्दल थोडं लिहिलं होतं. संथ असेल तर पाण्याचे थर एकमेकांवरून सरळ सरकतात, हा लॅमिनर प्रवाह. वेग वाढला की भोवरे उठतात आणि सगळं पाणी एकमेकांत मिसळत जातं, हा टर्ब्युलंट प्रवाह. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न वर्गात मला वर्षानुवर्षं विचारला गेला आणि त्याचं उत्तर पुस्तकांत अर्धंच सापडतं.

आमच्या एका पुस्तकात पाइपमधला प्रवाह रेनॉल्ड्स नंबर २००० ला बदलतो असं आहे, दुसऱ्यात २३०० आहे आणि तिसऱ्यात ४००० च्या पुढेच टर्ब्युलंट धरा म्हटलंय. प्रॅक्टिकलला आमच्या गटाचं रीडिंग २६०० आलं. "एवढं येत नाही, २००० च्या जवळ आणा" असं सांगितलं गेलं, म्हणून वहीत २१०० लिहिलं. खरा आकडा कोणता? (डिप्लोमा दुसरं वर्ष, ऐरोली)

आधी वहीतलं २१०० खोड आणि तिथे २६०० लिही. ते तुमच्या गटाचं रीडिंग आहे आणि ते टाकून द्यावं असं तुझ्या पत्रात मला काहीही दिसलं नाही.

इतर वाचकांसाठी सांगते. पाण्याच्या सरासरी वेगाला पाइपच्या व्यासाने गुणायचं आणि पाण्याच्या काइनेमॅटिक व्हिस्कॉसिटीने, म्हणजे घनता हिशेबात धरलेल्या चिकटपणाने, भागायचं. येतो तो रेनॉल्ड्स नंबर. एकीकडे पाण्याची धाव, दुसरीकडे तिला आवरणारा चिकटपणा. त्यात धाव किती वरचढ आहे ते हा आकडा सांगतो.

ऑस्बर्न रेनॉल्ड्स मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांचा निबंध १८८३ साली प्रसिद्ध झाला. सुमारे सहा फूट लांबीची पाण्याची टाकी, तिच्यात आडवी बुडवलेली काचेची नळी, नळीला लाकडाचं कर्ण्यासारखं पसरट तोंड आणि त्या तोंडातून आत सोडलेली रंगाची बारीक धार, असा तो प्रयोग. वेग कमी असताना रंगाची रेघ नळीभर सरळ जायची. वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर, तोंडापासून बऱ्याच अंतरावर, रेघ एकदम विस्कटून सगळ्या पाण्यात पसरायची. विजेच्या ठिणगीच्या क्षणभर उजेडात पाहिलं तेव्हा त्या पसरलेल्या रंगात सुटे सुटे भोवरे दिसले.

पण या प्रयोगात रेघ २००० ला मोडली नव्हती. टाकीतलं पाणी पूर्ण निवू दिल्यावर ती १२-१३ हजारांपर्यंत टिकली. २००० च्या आसपासचा आकडा त्यांना वेगळ्या प्रयोगातून मिळाला. शिशाच्या पाइपात मुद्दाम खळबळलेलं पाणी सोडायचं, वेग उतरवत न्यायचा आणि पाणी कुठे शांत होतं ते दाबाच्या उतारावरून ओळखायचं. म्हणजे पहिला आकडा शांत पाणी कुठवर तग धरतं याचा, आणि दुसरा खवळलेलं पाणी कुठे शांत होतं याचा. मूळ निबंधातच दोन आकडे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पुढे पुस्तकांत उतरताना प्रयोग आला पहिला आणि आकडा आला दुसऱ्याचा. तुझा गोंधळ तिथून सुरू होतो.

याच्या मागे एक विलक्षण गोष्ट आहे. पाइपमधल्या पूर्ण विकसित लॅमिनर प्रवाहाला अगदी सूक्ष्म धक्का दिला तर तो विरून जातो. रेनॉल्ड्स नंबर हजार असो की लाख, आजवरची गणितं हेच दाखवतात. मग प्रवाह बिघडतो कशाने? सूक्ष्म नसलेल्या धक्क्याने. किती मोठा धक्का पुरेल, तेही मँचेस्टरमध्येच २००३ च्या सुमारास मोजलं गेलं. नंबर दहापट वाढला की लागणारा धक्का साधारण दहाव्या हिश्शावर येतो. म्हणून फार काळजी घेतलेल्या प्रयोगशाळेत नंबर एक लाखाच्या घरात असतानाही पाइपमधला प्रवाह लॅमिनर ठेवता आला आहे, आणि आपल्या सोसायटीच्या पाइपमध्ये तो तीन हजारांनाही टिकत नाही.

दोन सपाट पत्र्यांमधल्या प्रवाहाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे गणिताने ठाम आकडा येतो, ५७७२. ओर्सझॅग यांनी तो १९७१ साली काढला. त्याच्या पुढे सूक्ष्म लाटसुद्धा वाढत जाते. पण प्रत्यक्षात तो प्रवाह हजाराच्या आसपासच बिघडायला लागतो, कारण तिथेही मोठे धक्के लाटेची वाट बघत बसत नाहीत. गणितातला आकडा आणि प्रयोगातला आकडा यांच्यातली ही दरी कशी भरायची, यात कित्येक मोठ्या माणसांची उमेदीची वर्षं गेली. वेर्नर हायझेनबर्ग यांचा १९२३ चा डॉक्टरेटचा प्रबंध याच विषयावर आहे. क्वांटम सिद्धान्ताच्या आधी ते या पाण्याशीच झुंजत होते.

आता तुमची प्रयोगशाळा. मी ज्या तंत्रनिकेतनात शिकवत होते तिथे हे उपकरण रस्त्याकडच्या खिडकीखाली होतं आणि त्या रस्त्यावरून एमआयडीसीचे ट्रक जायचे. सकाळी लवकर, टाकी आदल्या दिवशी भरून ठेवलेली असली की पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा धागा नळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत हलत नसे. मी मुलांना नळीला हात लावू देत नसे, फक्त बघा म्हणायची. मग बाहेरून भरलेला ट्रक गेला की धाग्याच्या मधोमध एक वळसा उठायचा, दोन बोटं पुढे सरकेपर्यंत त्याचे तुकडे व्हायचे आणि तो जांभळा ढग नळीतून वाहून जायचा. मागून येणारा धागा पुन्हा सरळ. व्हॉल्व्हला कुणी हात लावलेला नसायचा. शेजारच्या खोलीतला कॉम्प्रेसर सुरू झाला तरी हेच. रेनॉल्ड्स यांचं मूळ उपकरण आजही मँचेस्टर विद्यापीठात आहे. त्यावर पुढे प्रयोग पुन्हा केला तेव्हा १३ हजारांचा आकडा काही गाठता आला नाही. रेघ आधीच मोडली. कारण दिलं गेलं ते शहरातल्या रस्त्यांवरच्या आजच्या वाहतुकीचं.

मी सांगितलेला तो वाहून जाणारा ढग नीट लक्षात ठेव, कारण खरं उत्तर त्यात आहे. २००० च्या आसपास पाइपभर एकदम टर्ब्युलन्स येत नाही. तो तुकड्यांनी येतो. वीस-एक व्यास लांबीचा खळबळता पट्टा, त्याच्या मागे-पुढे शांत पाणी, आणि पट्टा साधारण पाण्याच्याच वेगाने पुढे जातोय. अशा पट्ट्याच्या नशिबी दोनच गोष्टी असतात. एक तर तो अचानक विरतो, नाही तर त्याच्यातून फुटून पुढे दुसरा पट्टा तयार होतो. साथीच्या रोगाचा हिशेब इथे तंतोतंत लागू पडतो. रोगी बरे होण्याचा वेग जास्त असेल तर साथ आपोआप ओसरते, लागण होण्याचा वेग जास्त असेल तर पसरते. पट्टे विरण्याचा आणि फुटण्याचा वेग कुठल्या नंबरला सारखा होतो, ते २०११ मध्ये युरोपातल्या संशोधकांच्या एका गटाने शोधून काढलं. आकडा आला सुमारे २०४०. रेनॉल्ड्सनंतर सव्वाशेहून जास्त वर्षं लागली, कारण त्या नंबरला एक पट्टा विरायला किंवा फुटायला इतका वेळ घेतो की तोवर तो दोन कोटी व्यासांच्या घरात अंतर तोडेल. एक इंची पाइपसाठी हे झाले पाचशे किलोमीटर, म्हणजे ठाण्याहून थेट सावंतवाडीपर्यंत पाइप टाकावा लागेल. म्हणून त्यांनी एका पट्ट्याची वाट बघत न बसता, कमी आणि जास्त नंबरांना असंख्य पट्ट्यांचं आयुष्य मोजून दोन वक्ररेषा काढल्या आणि त्या कुठे छेदतात ते पाहिलं. या कामाबद्दल मला फार आदर वाटतो.

तर तुझी तीन पुस्तकं. २०४० च्या वर टर्ब्युलन्स एकदा आला की टिकू शकतो. पहिल्या पुस्तकाचं २००० ते हे. साधारण २२५०-२३०० च्या पुढे पट्टे आपल्या लांबीचे राहत नाहीत, फुगत जातात आणि शांत पाण्याला गिळत जातात. दुसऱ्या पुस्तकाचं २३०० इथे बसतं. आणि ४००० हा डिझाइन करणाऱ्यांचा सावध आकडा, त्याच्या वर नेहमीच्या पाइपात शांत पट्टे उरणारच नाहीत असं धरून चालता येतं. तिघांनी तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत आणि प्रश्न छापायचा राहून गेला आहे.

तुमचं २६०० मात्र चौथ्याच प्रश्नाचं उत्तर आहे: या टाकीत, या नळीत, त्या दिवशी धागा कुठे मोडला? प्रयोगशाळेतली नळी बहुधा मीटरभर लांब आणि इंचभर व्यासाची असते. म्हणजे चाळीस व्यास. पाण्याचा वेग नळीभर नीट बसायला, म्हणजे मध्ये जास्त आणि भिंतीशी शून्य अशी त्याची घडी बसायला, २००० च्या नंबरला सुमारे १२० व्यास लागतात. तुमचं पाणी तिथवर पोचतच नाही. अशा नळीत २००० च येणं हाच योगायोग ठरेल.

पुढच्या वेळी दोन गोष्टी कर. टाकी आदल्या संध्याकाळी भरून ठेव आणि पाण्यात थर्मामीटर बुडव. मॅन्युअलमध्ये पाण्याची व्हिस्कॉसिटी बहुतेक वेळा २० अंशांची दिलेली असते. आपल्याकडे टाकीतलं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं आणि तेव्हा व्हिस्कॉसिटी सुमारे २० टक्क्यांनी कमी असते. तुम्ही २० अंशांचा आकडा वापरला असेल तर तुमचं खरं रीडिंग २६०० नसून ३२५० च्या आसपास आहे! तेही तसंच वहीत लिही, शेजारी तापमान लिही, आणि रस्त्यावरून काय जात होतं तेही.

नळ बारीक सोडला की धार काचेसारखी दिसते, मोठा केला की खरबरीत होते. हाच लॅमिनर-टर्ब्युलंट फरक ना? पण बारीक धारसुद्धा खाली बादलीजवळ तुटून थेंब होतात. तो टर्ब्युलन्स का? (खारेगाव, कळवा)

पहिल्याला हो, दुसऱ्याला नाही.

घरी मोजून बघा. अर्धा इंची नळाला लिटरची बाटली भरायला पूर्ण मिनिट लागत असेल, तर आतल्या पाण्याचा वेग सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास आणि रेनॉल्ड्स नंबर साधारण १७५० असतो. हे लॅमिनरच्या हद्दीत आलं. पंधरा लिटरची बादली दोन मिनिटांत भरत असेल तर नंबर १३ हजारांच्या वर गेला. शिवाय नळाच्या आत वायसरजवळून वळताना पाण्याला चांगलाच धक्का बसतो, म्हणून तुमची धार त्या मधल्या हद्दीत फार वेळ रेंगाळत नाही, पटकन खरबरीत होते. नळाच्या तोंडाला जाळी बसवलेली असेल तर ती काढून बघा. जाळी पाण्यात हवा मिसळते आणि धार त्यामुळेच पांढरी दिसते, मग काही कळत नाही.

थेंब होणं ही वेगळी अस्थिरता आहे. तिच्यात आतल्या भोवऱ्यांचा हात नसतो, ती पृष्ठताणाची करणी. पाण्याला आपला पृष्ठभाग कमीत कमी ठेवायचा असतो आणि तेवढ्याच पाण्याचे थेंब केले तर धारेपेक्षा पृष्ठभाग कमी लागतो. धारेवर कुठे जरा बारीक, कुठे जरा जाड असा चढउतार आला आणि त्याची लांबी धारेच्या परिघापेक्षा जास्त असली की बारीक जागा आणखी आवळत जाते. बेल्जियमचे शास्त्रज्ञ प्लाटो यांनी हे प्रयोगाने दाखवलं आणि रॅले यांनी १८७८-७९ च्या सुमारास त्याचं गणित मांडलं. सगळ्यात झपाट्याने वाढतो तो धारेच्या व्यासाच्या साधारण साडेचारपट लांबीचा चढउतार. तुमची धार तुटते त्याच्या जरा वर, उजेडाकडे धरून बघितलीत तर ते फुगवटे एकामागून एक दिसतील.

नव्या चेंडूची शिवण तिरकी ठेवली की तो हवेत वळतो. याचा टर्ब्युलन्सशी संबंध आहे का? (सेंट्रल मैदान, ठाणे इथे खेळणारा)

अगदी थेट आहे. चेंडूला चिकटून हवेचा एक पातळ थर वाहतो. ताशी ११० किलोमीटरच्या चेंडूसाठी रेनॉल्ड्स नंबर सव्वा ते दीड लाखांच्या दरम्यान येतो. पाइपचे आकडे इथे आणू नकोस, प्रत्येक आकाराचा हिशेब वेगळा असतो. गुळगुळीत बाजूचा थर लॅमिनर राहतो आणि लवकर सुटतो. शिवणीच्या बाजूचा थर शिवणीला अडखळून टर्ब्युलंट होतो. बाहेरची वेगवान हवा त्यात मिसळत राहते, म्हणून तो चेंडूला जास्त वेळ धरून राहतो. मागची हवा त्यामुळे एका बाजूला ढकलली जाते आणि चेंडू शिवण जिकडे रोखलेली आहे तिकडे वळतो. वेग खूप वाढला, किंवा चेंडू खरबरीत झाला, की दोन्ही बाजूंचे थर शिवणीच्या आधीच टर्ब्युलंट होतात. मग शिवण आपल्या बाजूचा थर उलट जाड करते, तो आधी सुटतो आणि चेंडू विरुद्ध दिशेला जातो. हाच रिव्हर्स स्विंग.

हा थर लॅमिनरचा टर्ब्युलंट कसा होतो, त्यावरचं एक पायाभूत काम आपल्या देशातलं आहे. सपाट पृष्ठभागावर टर्ब्युलन्सचे ठिपके उमटतात, वाढतात आणि एकमेकांत मिसळतात हे एमन्स यांनी १९५१ मध्ये दाखवलं होतं. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सतीश धवन आणि रोद्दम नरसिंह यांनी दाखवलं की ते ठिपके पृष्ठभागावर कुठेही उमटत नाहीत, एका अरुंद पट्ट्यात जन्मतात. त्यामुळे कुठल्या जागी किती वेळ टर्ब्युलन्स असेल याचं साधं सूत्र मिळालं. तो लेख १९५८ चा, आणि ते सूत्र आजही वापरात आहे. धवन म्हणजे तेच, जे पुढे इस्रोचे अध्यक्ष झाले. चेंडूच्या निमित्ताने का होईना, ही दोन नावं तू लक्षात ठेवावीस असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे तेल गरम करायचा ट्यूबवाला हीट एक्स्चेंजर आहे. उत्पादन कमी असलं की आम्ही फ्लो अर्धा करतो. तेलाला जास्त वेळ मिळतो तरी ते आधीपेक्षा थंडच बाहेर येतं. आणि मधल्या एका फ्लोला प्रेशर गेजचा काटा नाचत राहतो. पंप खराब समजायचा का? (ऑपरेटर, रबाळे एमआयडीसी)

तुमचं निरीक्षण बारीक आहे, आणि मला पंपाचा संशय कमीच येतो.

समजा ट्यूब २० मिलिमीटरची, तेलाची व्हिस्कॉसिटी १० सेंटिस्टोक (पाण्याच्या साधारण दहापट) आणि वेग सेकंदाला दोन मीटर. रेनॉल्ड्स नंबर आला ४०००. फ्लो अर्धा केला की २०००. टर्ब्युलंट असताना भोवरे भिंतीजवळचं गरम तेल सतत मध्ये आणत होते. लॅमिनर झालं की भिंतीजवळचा थर तापतो आणि मधलं तेल थंडच निघून जातं. वेळ दुप्पट मिळाला, पण उष्णता आत जाण्याचा दर त्याहून कितीतरी जास्त घसरला. त्यात थंड तेल जास्त चिकट, म्हणजे नंबर आणखी खाली.

काटा नाचतो तो मधल्या हद्दीत. २३०० च्या आसपास त्याच फ्लोला टर्ब्युलंट पट्ट्याचा विरोध लॅमिनरच्या दीडपटीहून जास्त असतो. पट्टा ट्यूबमध्ये शिरला की विरोध वाढतो आणि फ्लो पडतो. फ्लो पडला की नवा पट्टा तयार होत नाही. जुना बाहेर पडला की फ्लो पुन्हा चढतो आणि पुढचा पट्टा येतो. प्रयोगशाळेतल्या उपकरणातही नेमक्या याच हद्दीत नळीतून बादलीत पडणारी धार बोटभर पुढे-मागे होत राहते.

पूर्ण फ्लोला काटा स्थिर राहतो का ते आधी बघा. राहत असेल तर पंपाला हात लावू नका. पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज येत असेल तर मात्र सक्शन, म्हणजे पंपाची तेल ओढणारी बाजू, तपासा, तो वेगळा आजार आहे. कमी उत्पादनाच्या दिवसांत बाहेर आलेल्या तेलाचा काही भाग पंपाच्या सक्शनला परत फिरवा, म्हणजे ट्यूबमधला वेग पूर्वीइतका राहील. तशी लाइन नसेल तर ट्यूबमध्ये पिळदार पट्ट्या बसवता येतात. त्यांनी तेल कमी वेगालाही ढवळलं जातं, दाब मात्र वाढतो, म्हणून मेंटेनन्सवाल्यांना पंपाची क्षमता विचारून मगच ठरवा.